मठातली रिकामी खोली

त्या शनिवारी विल्मा डाबरेचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वसईच्या या पोरीनं आखातात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काढली. पण याच वाळवंटी मुलखात, सर बनी यास बेटावर, ख्रिस्ती साधूंचा तेराशे वर्षांपूर्वीचा मठ जपून ठेवलाय, हे तिला परवा ऑफिसात कळलं. नवरा लिओ कुरकुरला, "चार दगड बघायला एवढं ड्राइव्ह?" पण तिनं त्याला आणि सहा वर्षांच्या लॉराला गाडीत बसवलंच.

बोटीतून उतरून मठापाशी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. वर नवं छत, खाली कमरेएवढ्या जुन्या भिंती, भोवती दोर. गाईड युसुफ हळू आवाजात सांगत होता, "ये चर्च था मॅडम, और उधर साधू लोगों के कमरे."

आनंदानं विल्माच्या अंगावर काटा आला. वेदीच्या जागेसमोर उभी राहून ती मराठीतच 'नमो मरिया' ही प्रार्थना पुटपुटू लागली. अर्ध्यावर श्वास घ्यायला थांबली...

पुढची अर्धी दुसऱ्याच कुणीतरी म्हटली.

भाषा कळेना, पण लय तीच. घोगरे, दबके, पुरुषांचे आवाज. त्यांच्यामागून भट्टीतल्या पावाचा खरपूस वास आला.

"युसुफभाई, और कोई ग्रुप है क्या इधर?"

"नहीं मॅडम. आज सिर्फ आप लोग."

खरं तर तिनं घाबरायला हवं होतं. पण तिची छाती नुसती उचंबळून आली होती! शेजारच्या लॉराला जवळ घ्यायला तिनं हात पुढं केला, तर लॉरा तिथं नव्हती.

"लॉरा!"

पोर सापडली ती साधूंच्या एका खोलीत. दोराखालून शिरून वाळूत मांडी घालून बसलेली, मान वर करून कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. विल्मानं तिला झटकन उचललं. पोरीच्या हातांचे तळवे पांढरे, ओले होते. भिंतीला नुकताच लावल्यासारखा ताजा चुना!

"कुणाशी... कुणाशी बोलत होतीस?"

"दि अंकल्स!" लॉराचे डोळे चमकत होते. "दे आर सो हॅपी, मम्मा! वन रूम इज एम्प्टी. दे आस्क्ड, हू विल कम?"

"मग... तू काय सांगितलंस?"

"आय सेड, डॅडा."

"लिओ!" ती ओरडली.

"इथं आहे गं!" टोकाच्या खोलीतून उत्तर आलं. दोर ओलांडून लिओ आत शिरला होता. बूट काढून, गुडघ्यांवर बसून तो दोन्ही हातांनी जमिनीवरची वाळू झाडत होता. सकाळपासून वैतागलेला त्याचा चेहरा आता लहान पोरासारखा फुलला होता.

"विल्मा, किती गार आहे इथं..." तो म्हणाला.

मग त्यानं रिकाम्या दाराकडं पाहिलं, अदबीनं मान लववली आणि बाजूला सरकून कुणाला तरी बसायला जागा करून दिली.