चार नंबरच्या काकू

तू म्हणशील, म्हातारी आता काहीबाही बरळायला लागली. बरळते तर बरळते, ऐक.

परदेशी निघालेल्यांच्या तपासणी केंद्रात मी तेव्हा नर्स होते. छातीच्या फोटोत क्षयाचा डाग दिसला की माणूस आमच्या वॉर्डात. सहा महिने रोज सकाळी सिस्टरच्या डोळ्यांदेखत गोळ्या घ्यायच्या, मग दाखल्यावर शिक्का, मग विमान. चार नंबरच्या खाटेवरच्या काकूंची लेक आधीच पलीकडे पोचली होती. तिथे तिला मुलगी झाली. काकूंनी नात फक्त फोनवर पाहिलेली.

"सिस्टर, एकदा तिला जवळ घेऊ दे, मग मेले तरी चालेल," म्हणायच्या.

मी दटावायचे, "आधी गोळ्या गिळा, मरायचं मग बघू."

अकरा दिवस उरले होते आणि काकू दुपारी झोपेतच गेल्या. लेकीला कळवायचं माझ्या गळ्यात पडलं. "आई कशी आहे?" तिनं विचारलं आणि माझ्याच्यानं खरं सांगवेना. बोलून गेले, "बरी आहे गं. अकरा दिवस राहिलेत." उद्या खरं सांगू असंच मनात होतं, देवाशप्पथ.

सकाळी हाताच्या सवयीनं चार नंबरपाशी गोळ्यांची वाटी ठेवली. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. स्वतःलाच शिव्या घालत परत वळले, तर वाटी रिकामी. पाण्याचा पेला अर्धा.

"काकू...?"

कुणीतरी घोट गिळला. भरदिवसा, माझ्या कानाशी.

घाबरले, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त रडू आलं. बाईनं मरूनही गोळी चुकवली नव्हती. मग मीही रोज वाटी ठेवत गेले, गोळ्यांच्या वहीत सही करत गेले. लेकीला फोनवर दहा, नऊ, आठ सांगत गेले. शेवटच्या दिवशी दाखल्यावर शिक्का मारला आणि खाटेवर ठेवला. "जा काकू, सुटलात." जेवून आले तर दाखला नव्हता.

दोन दिवसांनी लेकीचाच फोन. हसत होती, रडत होती.

"सिस्टर, आई आली! कळवायचं तरी... बोलत काही नाही हो. आल्या आल्या बाळाला कुशीत घेऊन झोपली. कालपासून... आता दुपार झाली, दोघी हलल्यासुद्धा नाहीत. उठवू का?"