दम : एक्केचाळीस

इन्स्पेक्टरबाईंना फोन सकाळी अकराला आला. पलीकडचा माणूस फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत खेळाडूंना गुण देणाऱ्या विभागाचा प्रमुख होता.

"बाई, तुमच्या शहराच्या संघाचा स्ट्रायकर आत्ता सरावात कोसळला ना, त्याचा दम आमच्या गेममध्ये सोमवारीच खाली आणलाय कुणीतरी. अठ्ठ्याऐंशीवरून थेट एक्केचाळीस."

"आज गुरुवार," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर फोन केला."

कोसळणार हे कुणाला तरी तीन दिवस आधी ठाऊक होतं.

प्रमुखाने पद्धत सांगितली. प्रत्येक संघात कंपनीचा एक निरीक्षक असतो. वेग, नेम, दम यांचे शंभरपैकी गुण तो पाठवतो. नवे आकडे गेममध्ये दिसतात ते शुक्रवारी. या संघाचे निरीक्षक म्हणजे सामानघर सांभाळणारे काका.

बाई आधी हॉस्पिटलात गेल्या. स्ट्रायकर बेशुद्ध होता.

"हृदयाची ताकद शंभरात पंचावन्न तरी हवी," डॉक्टर म्हणाले. "याची अडतीस आहे. हे एका दिवसाचं दुखणं नव्हे. आधी कळलं असतं, तर याला पावलभरही पळू दिलं नसतं."

बाहेर बाकावर संघाचा कोच डोकं धरून बसला होता. स्ट्रायकरचा सख्खा थोरला भाऊ.

"आधी कधी तपासणी झाली होती?"

"वर्षभरापूर्वी. त्यानंतर नाही."

"तक्रार काही?"

"छे! घोड्यासारखा पळायचा. येत्या शनिवारी फायनल आहे आमची."

सामानघरात वॉशिंग मशीन घरघरत होतं. काका एकेका जाकिटाचे खिसे उपडे करून ते आत टाकत होते.

"सोमवारी गुण तुम्ही बदललेत?"

"मी नाही. पासवर्ड भिंतीवर लिहिलाय, कुणीही बदलेल."

"रविवारच्या मॅचमध्ये तो कसा खेळला?"

"शेवटच्या मिनिटापर्यंत धावला. जिंकवलं त्यानंच."

"मग दुसऱ्या दिवशी दम निम्म्यावर?"

काकांचा हात खिशातच थांबला.

बाईंनी कॉम्प्युटरवरची नोंद पाहिली. वेग तोच, नेम तोच. बदलला होता फक्त दम. त्या बाहेर आल्या आणि एकामागून एक फोन लावत सुटल्या.

दुपारी त्यांनी कोचला आणि काकांना संघाच्या ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"कुणी खोडी काढली असती, तर सरळ चाळीस टाकले असते. एक्केचाळीस कशाला? डॉक्टर अडतीस म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात ठिणगी पडली. हा आकडा खेळाचा नाही, हृदयाचा आहे. मी तपासणी केंद्रांना फोन लावले. तिसऱ्यानं सांगितलं, छातीत धडधडतं म्हणून स्ट्रायकर गेल्या शनिवारी तिथे गेला होता. ताकद एक्केचाळीस. सोमवारी सकाळी रिपोर्ट दुसऱ्यानंच नेला, त्याची सहीही आहे. सहीखाली नातं लिहिलंय. थोरला भाऊ."

बाईंनी कोचकडे पाहिलं.

"त्याला काय सांगितलंत?"

"सगळं ठीक आहे म्हणून," कोच पुटपुटला. "एकच मॅच राहिली होती, बाई. त्यानंतर मीच त्याला दवाखान्यात नेणार होतो."

बाई काकांकडे वळल्या. "प्रत्येक जाकिटाचे खिसे तुम्ही रिकामे करता. रिपोर्ट तुम्हाला याच्या जाकिटात सापडला."

काका खुर्चीत बसले. "मी विचारलं याला. म्हणाला, तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. मी भ्यायलो. आपणहून पोराकडे गेलो असतो तर याला संशय आला असता, म्हणून रिपोर्टातला आकडा गेममध्ये टाकला. पोरगं रोज स्वतःचे आकडे बघतं. एक जरी घटला तरी तणतणत माझ्याकडे येतं. म्हटलं, शुक्रवारी भांडायला येईल, तेव्हा एकट्याला गाठून सांगेन. फायनलच्या आधी कळलं म्हणजे झालं, असं वाटलं."

"आणि सराव?"

"तो डोक्यातच आला नाही." काका हमसून हमसून रडू लागले.

पोलीस शिपाई कोचला बाहेर नेत असतानाच हॉस्पिटलातून फोन आला. बाईंनी ऐकून घेतलं.

"शुद्धीवर आलाय. वाचेल, पण पुन्हा खेळता येणार नाही." "दादाला बोलवा म्हणतोय."

कोच दारातच थिजला. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. नाही.

काकांनी डोळे पुसले आणि ते उठले. "मी जातो त्याच्याकडे. काय झालं ते माझ्याच तोंडून कळू दे त्याला."