आईच्या ओट्यावरची लाइन

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, ओट्यालगतच्या डब्यांच्या बुटक्या फळीवर, एक टॅबलेट उभा असतो. त्याला मागून टेकू म्हणून आईने पुठ्ठा दुमडून लावला आहे आणि तो घसरू नये म्हणून खाली बरणीच्या झाकणातली रबरी चकती ठेवली आहे. बाजारातला स्टँड मी आणून दिला होता. तिने तो डगमगतो म्हणून परत केला.

सकाळी चहा टाकला की ती माझ्या धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावते आणि मग संध्याकाळपर्यंत तो बंद करत नाही. दोघी सतत बोलत असतात असं नाही. आई इथे भांडी विसळते, धाकटी तिथे, विमानाशिवाय जाता येणार नाही अशा शहरात, कपड्यांच्या घड्या घालते. मध्येच एकजण विचारते, "आहेस ना?" दुसरी म्हणते, "आहे." एवढंच.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन्ही बाजूंचं बोलणं संपल्याची खात्री झाल्याशिवाय बोर्डातला प्लग काढायचा नाही, हा तिथला नियम. "नोकरीभर मी कुणाची लाइन तोडली नाही," हे ती कुणालाही पहिल्या भेटीत सांगते. नंतरच्या भेटींतही सांगते.

टॅबलेट मी घेऊन दिला असला तरी शिकली ती स्वतः. आता इमारतीतल्या बायका तिच्याकडे फोन शिकायला येतात. समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनाही तिने ओट्यापाशी उभं केलं होतं. "बाई, बोट नुसतं टेकवा. दाबताय काय? दारावरची बेल आहे का ती?" जन्मभर वर्ग गप्प बसवणाऱ्या बाईंनी निमूटपणे बोट टेकवलं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि कौतुक जपून करते. पण त्या दिवशी माझी मान ताठ झाली होती.

मागच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी विषय काढला, की आता माझ्याकडे राहायला ये. तिने साफ नकार दिला. बरीच तणातणी झाली. शेवटी मी म्हटलं, "स्वयंपाकघरात एक जरी अपघात झाला, तर मुकाट्याने माझ्या घरी यायचं."

"आणि नाही झाला तर?"

"तर तू इथेच."

"शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात साधा कपही फुटलेला नाही.

एका रविवारी मी तिथेच होते. धाकटी टॅबलेटमधून ओरडली, "आई, दूध!" आई वळली. पातेल्यातलं दूध शांत होतं. तिने गॅस बंद केला आणि त्याच क्षणी साय फुगून काठापर्यंत आली, टेकली, खाली बसली. धाकटीला वाफ दिसली असणार, असं मी मनाशी म्हटलं. नंतर टॅबलेटच्या उंचीला डोळे नेऊन पाहिलं. तिथून पातेल्याची फक्त बाहेरची बाजू दिसत होती.

मग काचेची बरणी वाचली. मग विळीच्या पात्यापासून आईचं बोट वाचलं. "तिचा डोळा असतो माझ्यावर," आई समाधानाने म्हणाली. "लहानपणी माझा होता तिच्यावर. फिटंफाट."

मी घरी येऊन धाकटीला वेगळा फोन लावला. "तुला आधीच कसं कळतं?"

"कळत नाही गं, दिसतं. दूध उतू गेलेलं दिसतं, म्हणून मी ओरडते. आणि मग ते उतू जात नाही. आवाज बरोबर वेळेवर येतो, चित्र तेवढं पुढे असतं. मला वाटलं, नेटवर्कचं काहीतरी असेल."

"नेटवर्क उशीर करतं. घाई करत नाही."

"ते तुला माहीत. तू सायन्सवाली."

मी तिला स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगितलं. तिने पाठवला. फोटोत सगळं त्या क्षणाचंच होतं. तिच्या डोळ्यांना मात्र पुढचं दिसत होतं. मी एक भिंतीवरचं घड्याळ विकत घेतलं आणि टॅबलेटच्या समोर लावलं. ती वेळ वाचेल, मी माझ्या मनगटावर पाहीन, फरक मिळेल. प्रयोग साधा होता.

"कुठलं घड्याळ?" धाकटीने विचारलं. "नुसता खिळा आहे."

मी तिला पुन्हा नीट बघायला सांगत होते, तेवढ्यात आई स्टूल ओढत आली आणि घड्याळ उतरवून माझ्या हातात दिलं. "कटकट वाजतं मेलं. घेऊन जा तुझ्या लॅबमध्ये."

त्यानंतर मी मोजायचा प्रयत्न केला नाही. अंतर वाढत होतं, एवढं कळत होतं. आधी ते श्वासाएवढं होतं. पुढे एकदा धाकटीने सकाळीच विचारलं, "आज मुख्याध्यापिकाबाई का आल्या आहेत?" बाई आल्या दिवेलागणीला, पासवर्ड विसरला म्हणून. आईला याचं काही वाटत नव्हतं. इमारतीत ती सांगत सुटली होती, "माझी लाइन अशी आहे, की पलीकडे आधी पोचते."

गेल्या आठवड्यात मी दुपारी तिच्याकडे गेले. आई स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पर्स खांद्यावरून काढत होते.

टॅबलेटमधून धाकटीचा आवाज आला. "ताई, तू कधी आलीस?"

"आत्ताच."

"मग रडतेस का?"

मी रडत नव्हते. आणि दारात उभं राहिलेलं माणूस त्या कॅमेऱ्यात येत नाही, हे मी स्वतः तपासलेलं होतं.

"मी दारात आहे," मी म्हटलं. "तुला दिसणारच नाही."

पडद्यावर धाकटीचा चेहरा जवळ आला. "तू ओट्याशी उभी आहेस. एकटीच."

"आणि आई?"

"स्टूल ओट्याखाली सारलेलं आहे. तिचा चष्मा टॅबलेटसमोर आहे, घडी घालून. इतका जवळ, की काच धूसर दिसते आहे."

चष्मा आईच्या नाकावर होता. तिच्या हातातली शेंग फुटली, दाणे भांड्यात टपटपले.

"आई, ऊठ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. दूध वाचलं, बरणी वाचली. हेही टळेल."

आईने तळहात उभा करून मला थांबवलं. लहानपणी आम्ही एक्स्चेंजमध्ये गेलो, की बोर्डावर बसलेली ती आम्हाला असंच थांबवायची.

"छोटे, ओटा कसा दिसतो आहे?"

"काय?"

"ओटा. नीट बघून सांग."

"पुसलेला आहे."

"काही सांडलंय?"

"नाही."

"फुटलंय?"

"नाही गं आई."

"गॅस?"

"बंद आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिला मेसेज पाठवला, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

"ऐकलंस? अपघात नाही. मी इथेच. शब्द म्हणजे शब्द."

मी पुढे होऊन टॅबलेटकडे हात नेला.

"खबरदार. ती अजून लाइनवर आहे."

मी हात मागे घेतला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिले. डोळे कोरडे ठेवायचे आणि ओट्याशी जायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

आईने उरलेले वाटाणे सोलले. टरफलं टाकली. ओल्या फडक्याने ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ओढीत पुसला आणि फडकं पिळून नळावर वाळत घातलं. स्टूल पायाने आत सारलं. चष्म्यावर पाण्याचा थेंब उडाला होता. तिने तो काढला, पुसला, घडी घातली आणि ठेवायला जागा शोधत टॅबलेटसमोर ठेवला.

"आई, आहेस ना?" धाकटीने विचारलं.

"आहे," आई म्हणाली. एक्स्चेंजमधल्यासारखा स्वच्छ, खणखणीत आवाज. मला दारात स्पष्ट ऐकू आला.

पडद्यावर धाकटी कान देऊन थांबली होती. आवाज तरी आजवर वेळेवर पोचत होता. मग तिने पुन्हा विचारलं.

"आई? आहेस ना?"