सहाशे डावे बूट

मालकाने टेबलावर बुटांचं खोकं उघडलं. आत दोन बूट होते, दोन्ही डाव्या पायाचे.

"अशी तीनशे खोकी आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेली," तो म्हणाला. "जुन्या स्टोअरकीपरने सूड उगवलाय. पुरावा द्या, त्याला आत टाकतो."

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी बूट उलटे करून पाहिले. शेजारी त्यांचे भावोजी वहीत 'डावा, डावा' असं लिहीत होते. लिहून घेतलं की समजलं, असा त्यांचा गोड समज होता.

कारखान्यात पहिली गाठ मालकाच्या जावयाशी पडली. सात महिन्यांपूर्वी सगळा कारभार सॉफ्टवेअरवर नेला तो यानेच, व्हिडिओ बघून. तज्ज्ञाची फी वाचली याचं सासऱ्याला कोण कौतुक! जुन्या वह्या पहिल्याच दिवशी रद्दीत गेल्या. पासवर्ड सगळ्यांना एकच, तोही भिंतीवर चिकटवलेला. महिन्याभरात स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा बुटांना लावायच्या तळव्यांच्या दोनशे जोड्या कमी भरल्या, आणि वीस वर्षं इमानाने राबलेल्या स्टोअरकीपरला चोर ठरवून हाकललं.

"पासवर्ड त्याला पाठ असणारच," जावई म्हणाला. "मालाची यादी मात्र माझी पक्की. पहिल्या दिवशी भरली ती आजवर बदललेली नाही, तारीख बघा." ताईंनी बघितली. ते खरं होतं.

गोदामात तळव्यांची जुनी पावती खिळ्याला टोचलेली होती. ताईंनी ती मोठ्याने वाचली, 'चारशे नग', आणि भावोजींनी तेही उतरवून घेतलं.

पॅकिंगच्या खोलीत मावशी होत्या. त्या स्टोअरकीपरच्या बायको. घर चालायला हवं म्हणून दात-ओठ खात इथेच टिकून राहिलेल्या. कालपासून काम पुन्हा जुन्या पद्धतीने सुरू झालं होतं. ताईंशी बोलता बोलता मावशी ढिगातले बूट न बघता उचलून जोड्या लावत होत्या. एकही जोडी चुकली नाही.

नव्या पद्धतीबद्दल विचारल्यावर त्यांनी कपाटातून एक कागद काढला. पॅकिंग स्क्रीनवरच्या नंबरप्रमाणेच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खाली मालकाची सही होती, गेल्या सोमवारची.

"लेखी मीच मागितलं," मावशी म्हणाल्या.

दुपारी ताईंनी सगळ्यांना मालकाच्या खोलीत बसवलं.

"यादी पहिल्या दिवसापासून तशीच आहे, म्हणजे चूकही पहिल्या दिवसाचीच," त्या म्हणाल्या. "उजव्या बुटाच्या रकान्यात जावईबापूंनी डाव्याचाच नंबर भरला. माणसं बघून जोड्या लावत होती तोवर ते खपून गेलं. सोमवारी तुम्ही बघायलाच बंदी केलीत."

"आणि तळवे?" भावोजींनी विचारलं.

"पुरवणारा नग मोजतो. त्याचे चारशे नग यांनी चारशे जोड्या म्हणून चढवले. हरवलेल्या दोनशे जोड्या कधी आल्याच नव्हत्या. एखादा जाणकार बसवला असता, जुन्या वह्या तीन महिने सोबत चालवल्या असत्या, तर दोन्ही चुका आठवड्यात सापडल्या असत्या."

मग ताई मावशींकडे वळल्या.

"सूड मात्र खरा आहे," ताई म्हणाल्या. "हाताला डावा-उजवा कळतो त्या बाईने तीनशे खोकी बंद केली, आणि त्याआधी हुकूम लेखी घेतला. बरोबर ना, मावशी?"

"बरोबर."

"मला आधी सांगायचंत," मालक म्हणाला.

"सांगितलं होतं. ह्यांना काढलंत त्या दिवशी, याच खोलीत. कॉम्प्युटर चुकतोय म्हटलं. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत."

मालकाने ताईंकडे पाहिलं. सही तुमची आहे, मी काही करू शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मालकाने कागद ओढून लिहून दिलं, की स्टोअरकीपर निर्दोष आहे, त्याने उद्यापासून कामावर यावं.

"झाली ना आता फिटंफाट?"

मावशींनी कागद दोनदा वाचला आणि नीट घडी घातली.

"कसली फिटंफाट, मालक? सहा महिने त्यांनी लाजेने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तुमचा तर हा पहिलाच आठवडा आहे."