कबरीवरचा भोपळा

दिवा जरा पुढं सरकव, शकुन, आणि त्या खुंटीवरचा हात काढ. तंबोरा जुळवताना घाई करणाऱ्या पोरींचा मला भारी राग येतो. तू विचारत होतीस ना, बाळापूरच्या घरचा तंबोरा मी पुन्हा का घेतला नाही म्हणून? सांगते. पण मधे मधे "अगं बाई गं" करायचं नाही. घाबरायचं असेल तर मनात घाबर.

अब्दुल सत्तार बाळापूरला तंबोरे बनवायचे. अकोल्या-अमरावतीत गाणं करणारा जो कोणी होता, त्याच्याकडं त्यांच्याच हातचा तंबोरा. माणूस मोठा तिरसट. तंबोरा न्यायला गेलं की आधी गायला लावायचे, आणि गळा आवडला नाही तर "भोपळा सुकायचा आहे अजून" म्हणून सरळ परत पाठवायचे. मलाही पाठवलं होतं. तेव्हा मी त्यांना काय काय शिव्या दिल्या ते तुला सांगत नाही. पण जो तंबोरा दिला, तो असा दिला की त्याच्यापुढं बेसूर व्हायची लाज वाटावी.

ते गेले दम्यानं. शेवटी शेवटी छातीतून बारीक शिटी वाजायची आणि बायको, नसीमबानो, उशाशी पाण्याचा कटोरा घेऊन बसलेली असायची.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यापायी आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. लोकांच्या डोक्यात कापूस शिरला होता. बांधावर कापूस, परसात कापूस. माळ्यांनी भोपळ्याचे वेल उपटून तिथंही कापूसच लावला. तंबोऱ्याला लागतो तो कडू भोपळा, जाड सालीचा. तो औषधालाही मिळेना.

सत्तारांचा पुतण्या शफीक, तोच त्यांचा शागीर्द. त्याच्या हातचा पहिला तंबोरा तयार झाला, की त्या दिवशी उस्तादाच्या नावानं फातिहा पढायची आणि जाणत्यांसमोर तो वाजवायचा, असा त्या घरचा रिवाज. त्यासाठी मला बोलावणं आलं. मी बैलांची दमणी जुंपली आणि निघाले. वाटेत कापसाच्या गाड्यांची ही रांग! गाडीवानांशी भांडून भांडून घसा बसला माझा.

पण बोलावणं नुसतं आठवणीसाठी नव्हतं. घर होतं जानराव पाटलांचं. त्यांच्या वडिलांनी सत्तारांना शब्द दिला होता, या घरात तंबोरा बनतो तोवर घर तुमचं. जानराव शब्दाला पक्का माणूस. पण कापूस भरायला त्यांना जागा हवी होती. त्यांनी सरळच सांगितलं होतं, शफीकचा तंबोरा जाणत्यांना पसंत पडला तर राहा, नाही तर घर मोकळं करा.

नसीमबानो मला आत घेऊन गेली. एका खाटेपुरती खोली. सरस आणि लाखेचा वास भिंतीत मुरलेला.

"गोदाबाई, बुऱ्हाणपूरले भाऊ हाये माहा. तो नेतो म्हन्ते," ती म्हणाली. "मले नाई जाचं. हे याच खाटेवर गेले. हे घर सोडून मी कुठं जाऊ, सांगा!"

"शफीकचा हात बसला का?"

"हात बसला. पण भोपळा कुठून आनला ते काई सांगत नाई."

मी बाहेर येऊन शफीकला कोपऱ्यात घेतलं. पोरगा घामानं निथळत होता.

"कुठला रे भोपळा?"

तो जमिनीकडं बघतच हळूच म्हणाला, "उस्तादच्या कबरेवरचा."

आता हे तुला सांगायला हवं. त्या घरात तंबोरेवाला गेला की त्यानं राखलेलं भोपळ्याचं बी त्याच्या कबरीवर टाकायचे. वेल येईल तो येईल, फळ धरेल ते धरेल, पाखरांनी खावं, मुंग्यांनी खावं. त्याला विळा लावायचा नाही. हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं.

"अरे, तो तोडायचा नसतो ना?"

"मंग कुठून आनू, बाई? बाळापुरात कबरस्तान सोडलं तं कापूस नाई असं रानच नाई राह्यलं. एकच फळ धरलं होतं, अन् असं गोल... मले वाटलं, उस्तादनं माह्यासाठीच राखलं."

चुकला खरा. पण त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

दुपारची वेळ. वैशाखातली. बाहेर कुत्रं फिरत नव्हतं. ऊन नको म्हणून दारं लोटून घेतलेली, आत बसायला आम्ही मोजकी माणसं. जानराव भिंतीला टेकून. नांदगावचे रामराव, म्हातारे बीनकार, माझ्या शेजारी. नसीमबानो आतल्या पडद्यामागं. फातिहा झाली. उदाचा धूर वर जायचं नाव घेईना, गुडघ्याएवढ्या उंचीवर तसाच तरंगत राहिला.

शफीकनं तंबोरा मांडीवर घेतला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत तो तार गुंजावी म्हणून जवारी लावू लागला. तार आधी खडखडली, मग मुकी झाली, आणि मग एकदम उघडली. काय सांगू तुला! सगळी खोली त्या आवाजानं भरली. रामरावांच्या तोंडून "वाह" निघून गेलं. माझ्या अंगावर काटा आला, तो आनंदाचाच. जानरावांनी पडद्याकडं बघून मान हलवली. घर वाचलं, असं मला वाटलं.

मग शफीकनं खरजाची तार छेडली.

खरज वाजला. तो विरत गेला, आणि विरता विरता भोपळ्याच्या आत काही तरी... ओढलं गेलं. बारीक शिटी वाजल्यासारखं. शफीकला वाटलं जवारी बिघडली. त्यानं दोरा जरासा हलवला, पुन्हा तार छेडली. पुन्हा तेच. आता मोठ्यानं. आत ओढलेला... आणि अडकलेला.

रामरावांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

आणि पडद्यामागून नसीमबानो रोजच्यासारखी, कामातून मान वर न करता बोलावं तशी बोलली,

"पानी देऊँ क्या जी?"

कोणी हललं नाही. तिलाही मग कळलं असावं, कारण आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

शफीकनं तारेवरून हात उचलला. चारी तारा थांबल्या. श्वास थांबला नाही. भोपळा त्याच्या मांडीवर, आणि आत छाती भरून येत होती... अडत होती... पुन्हा भरत होती. पोरगा रडायला लागला. "माफ करा, उस्ताद... माफ करा..." एवढंच. तंबोरा खाली ठेवायची त्याची छाती होईना.

तेव्हा पडदा सरला. परक्या पुरुषांसमोर कधी न आलेली ती बाई कटोरा घेऊन बाहेर आली. कोणाकडं पाहिलं नाही. तंबोऱ्याजवळ बसली, कटोरा भोपळ्याशी ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, खालून वर, खालून वर. हळूहळू शिटी बारीक झाली. मग बंद झाली.

जानरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते माझ्याकडं वळले.

"बाई... पसंत?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तीही बघत होती. नाही म्हटलं असतं तर तिला बुऱ्हाणपूरची वाट धरावी लागली असती. आणि तंबोरा वाजला होता, हे काही खोटं नव्हतं.

"पसंत," मी म्हणाले.

तो तंबोरा त्यांनी विकला नाही. शफीकनं पुढं लांबून भोपळे आणवले आणि चांगले तंबोरे केले, नाव कमावलं. कबरीवरचा मात्र आतल्या खोलीत, त्या खाटेवर. बाळापुरावरून जाणं झालं की मी डोकावायची. नसीमबानो अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तजेला आला होता. एकदा मला म्हणाली, "थंडीत जरा त्रास होते त्यायले. पानी दिलं का झोपतेत." कोणतीही बायको नवऱ्याबद्दल सांगेल तसं सांगितलं. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढं ती वारली. शफीक इथं, अमरावतीला, मला सांगायला आला. याच ओसरीवर बसला होता.

"काकी गेली, बाई. त्याच खाटेवर."

"मग आता तो तंबोरा पुरून ये बाबा. जिथला तिथं. आता कोणासाठी ठेवतोस?"

"त्याच्याचसाठी उचलाले गेलो होतो..."

"मग?"

मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

"उस्तादची शिटी आता वाजत नाई," तो म्हणाला. "गाढ झोपलेल्या मानसासारका श्वास येते. संथ. मी कान लावून आयकलं, बाई..."

"बरं झालं की मग. सुटले."

"पन दोन येतेत," शफीक म्हणाला.