पहिल्या पायरीवरची वैदीण

साकोलीच्या बसथांब्यावर तृप्तीच्या चपलेशी काहीतरी निळं गडगडत आलं. तिनं उचलून पाहिलं. वीस बाजूंचा फासा!

"माहा आहे तो..." फाटक्या थैलीतून सांडलेले बाकीचे फासे वेचताना समोरचा तरुण कानापर्यंत लाल झाला.

"याच्यानं काय खेळता? सापशिडी?"

"नाही... गोष्ट खेळतो."

तो संघपाल. शिकवणी वर्गात गणित शिकवायचा आणि रविवारी दोस्तांना जमवून गोष्टीचा खेळ मांडायचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, संकट तो उभं करणार, निकाल फासा देणार. दवाखान्यात नर्स असलेली तृप्ती एक रविवार गंमत म्हणून गेली आणि मग जातच राहिली. खेळासाठी, की संकट सांगताना चमकणाऱ्या त्याच्या डोळ्यांसाठी... हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिनं वैदिणीचं पात्र घेतलं. नियम असा, की शत्रू मारला तर गुण. शंभर गुण झाले की पात्र एक पायरी वर. पाच रविवारांत दोस्तांपैकी अंकुशचा तिरंदाज चौथ्या पायरीवर गेला, रेणूची चोरटी तिसऱ्या. वैदीण मात्र पहिल्याच.

"एखादा राक्षस मार ना वं!" रेणू म्हणाली.

"त्याले ताप आहे. मी नाही मारत."

सगळे खो खो हसले. संघपालही हसला — आणि तेच तिला लागलं.

"तुमच्या सगळ्यायच्या जखमा मीच बांधून राहिली. त्याचे गुण काहून नाही?"

"खेळाच्या पुस्तकात नियमच तसा आहे..." तो पुटपुटला.

पुढच्या रविवारी ती गेली नाही.

मंगळवारी सकाळी तो दवाखान्याच्या फाटकाशी उभा. हातात वही.

"नियम बदलवला. वाचवलेल्या जिवाचे गुण आता सगळ्यात जास्त. मागचेही धरले. तुमची वैदीण पाचव्या पायरीवर आहे."

"मागचे कसे धरले?"

"मी... लिहून ठेवत होतो."

तिनं वही ओढून घेतली. वैदिणीनं कोणाला पाणी पाजलं, कोणाचा पाय बांधला, सारं होतं. आणि कडेला, बारीक अक्षरात — 'आज तृप्ती दोनदा हसली.' शेवटच्या पानावर एकच ओळ : 'तृप्ती आली नाही. खेळ लवकर आटपला.'

"हाही खेळाचाच नियम काय?"

"नाही..."

"मंग?"

"तू मले आवडते, तृप्ती. त्या दिवशी हसलो, ते चुकलं माहं. अंकुश-रेणूसमोरही कबूल करतो."

चेहरा मुद्दाम नर्सबाईचाच ठेवून ती म्हणाली, "दोनले माही ड्युटी सुटते. थांबता?"

"थांबतो."

तेव्हा अकरा वाजले होते. तिनं खिडकीतून चारदा पाहिलं. कडुनिंबाखाली बसलेला तो हलला नव्हता. सावली तेवढी सरकून गेली होती. दोन वाजता ती जवळजवळ पळतच बाहेर आली आणि आपली ओढणी त्याच्या तापल्या डोक्यावर धरली.

"उन्हात कायले बसून राहिला तू? येडा!"

संघपाल ओढणीखालून हसला. आज पहिल्यांदा ती त्याला 'तू' म्हणाली होती.