घरचं कोण?

डिंकाचे लाडू पुन्हा कमी झाले होते. सरूबाईंनी डबा ओट्यावर असा आदळला की झाकण उडून मोरीपाशी जाऊन पडलं.

"रेवती! कोण खातंय हे?"

सुनेनं कणीक तिंबता तिंबता मान वर केली. "जिच्यासाठी केलेत तीच खातेय, आत्या."

"मला उलटून बोलतेस?"

"उलटून कुठं? सरळच बोलले की."

एवढं बोलून रेवतीनं खिडकीखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, भुवया उडवल्या आणि हसली. रिकाम्या कोपऱ्याकडे! दोन-तीन महिने हेच चाललं होतं. ही बाई भिंतीशी बोलायची, भिंतीला चहा न्यायची, दुपारी त्या कोपऱ्यात बसून हवेत हात हलवत अंगाई म्हणायची. मुलगा वरच्या मजल्यांवर हवेच्या यंत्रांच्या कामाला गेलेला. आता हिचं डोकं फिरलं तर निस्तरायचं कुणी? आणि लाडू ती एकटीच खात असणार, त्यात काय शंका!

लाडू केले होते लेकीसाठी. मंजुळेनं तळच्या मजल्यावरच्या, पंपावर काम करणाऱ्या पोराशी लग्न केलं तेव्हा सरूबाईंनी बजावलं होतं, "हिचं नाव या घरात काढायचं नाही." तरी पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे काय कुणाला सांगायला लागतं? भांडली म्हणून काय झालं, दिवस भरत आले की येईल पाय ओढत. म्हणून त्या डिंक तळून बसल्या. दिवस भरले, सरले, आणि लेक आलीच नाही. बाळंतीण झाली असेल सासरी, साधा निरोपसुद्धा धाडला नाही. विचारायचं कुणाला? स्वतःच घातलेली बंदी स्वतःच कशी मोडणार? मग येताजाता त्या मोठ्यानं बोलायच्या, "आमच्या पोटी दगड जन्मला असता तर पाटा तरी झाला असता!"

शेवटी रेवतीला न सांगता त्या लिफ्टच्या पाळण्यात बसल्या आणि बाविसाव्या मजल्यावर डॉक्टर पाटणकर बाईंकडे गेल्या.

हे सगळं उभ्या वस्तीतलं. खाली जमीन तापून राहण्याजोगी उरली नाही, तेव्हा डोंगराच्या कुशीत एकच प्रचंड इमारत बांधली आणि अख्खा तालुका तिच्यात नेऊन बसवला. माणसं अफाट, जागा कमी. एका स्वयंपाकघरात चार कुटुंबं. वेड लागायची पाळी. त्यावर पाटणकर बाईंनी उपाय काढला, वेचदर्शन. प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढा मणी बसवायचा. मग माणसाला फक्त त्याची वेचलेली माणसं दिसतात आणि ऐकू येतात, बाकीची नाहीत. सरूबाईंच्या ओट्यावर दुसरं कुणी बोंबील तळत असेल, पण त्यांना त्याचा वाससुद्धा येत नाही. पाय आपोआप बाजूनं जातात, अंगाला अंग लागत नाही. लोकांची झोप सुधारली, भांडणं थांबली.

"डॉक्टर, माझी सून खुळावलीय," सरूबाई बसता बसता म्हणाल्या. "भिंतीला अंगाई म्हणते."

"असं एकदम ठरवू नका, आजी."

"आजी कोण गं तुझी? तुझ्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त चांदी आहे."

पाटणकर बाई हसल्या. त्यांनी टेबलावर हात फिरवला तशी हवेत एक आकृती उभी राहिली. चक्रं, नळ्या, खिळे, तारा, सगळा नुसता बुजबुजाट.

"मी आधी जहाजांचे आराखडे करायचे. एका जहाजाच्या आराखड्यात लाखो भाग असतात. सगळे एकदम दाखवले तर काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही एक खिळा निवडायचो, त्याला चिकटलेले चार भाग दाखवायचो आणि बाकीचं झाकून टाकायचो." आकृतीतलं सगळं विरलं. एक खिळा आणि दोन पट्ट्या उरल्या. "पण झाकलं म्हणजे काढलं नाही. जहाजाचं वजन तेवढंच, भाग जागच्या जागी. मणी हेच करतो."

"ते माहीत आहे मला. परकी माणसं झाकतात. माझ्या सुनेचं काय ते सांग."

"तुमच्या सुनेला कदाचित असं कुणी दिसत असेल, जे तुम्हाला दिसत नाही. मणी बसवताना तुम्हाला विचारलं होतं, घरचं कोण कोण? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मी, मुलगा, सून. झालं घर."

"आणि मुलगी?"

"लेक घरची कशी असेल? दिली की तिला! दिलेली लेक घरात धरतात होय? एवढं शिकलीस आणि हे माहीत नाही?"

पाटणकर बाईंनी आकृतीतल्या त्या एकट्या खिळ्याकडे बोट दाखवलं. सरूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांचा हात कानामागे गेला.

"अगं... ते तसं म्हणायचं असतं. बोलायची रीत आहे ती."

"मण्याला रीत कळत नाही. तुम्ही सांगितलंत तसं त्यानं धरलं."

"मग माझी लेक?"

"असेल कदाचित. घरातच."

त्यांनी मण्याला एक बारीकशी सुई लावली, सरूबाईंना मोठ्यानं लेकीचं नाव घ्यायला लावलं, 'आणि तिचं बाळ' असंही जोडायला लावलं. मंजुळेच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी ते नाव घेतलं.

घरी आल्या तर खिडकीखालच्या कोपऱ्यात मंजुळा बसली होती. गालफडं बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, पसरलेल्या पायांवर एक तान्ही पोर. ती तिला तेल चोळत होती. शेजारी ताटलीत अर्धा लाडू.

"कधी आलीस गं?" सरूबाईंनी विचारलं.

मंजुळेनं वर बघितलं. "आज बोलायचा मुहूर्त लागला वाटतं."

"दिसलीच नाहीस मला!"

"दिसले नाही, की मुद्दाम झाकलंस?"

"अगं, मी नाही झाकलं! मी नुसतं म्हटलं की लेक दिल्या घरची. मेल्या मण्यानं..."

रेवती दारात उभी राहून ऐकत होती. "आत्या, म्हणजे तुम्ही अबोला धरला नव्हता? मला वाटलं मुद्दाम करताय. दगड, पाटा, सगळं तिला ऐकवायला चाललंय. तुम्ही नाव काढू दिलं नाहीत, मग मी कशाला मध्ये पडू?"

"मी माझ्याशी बोलत होते!"

"मी समोर बसून ऐकत होते, आई," मंजुळा म्हणाली. "कळा सुरू झाल्या तेव्हा तू इथंच तांदूळ निवडत बसली होतीस. मी ओरडत होते. तू वहिनीला म्हणालीस, आज घर कसं शांत वाटतंय."

सरूबाई लेकीसमोर खाली बसल्या. त्या उठून लेकीच्या पाया पडल्या असत्या, पण तसं करायची सवय नव्हती. त्यांनी पोरीकडे हात पसरले. "दे. माझी बाय ती."

मंजुळेनं पोरीला उचललं, आणि थांबली. "आई, बारशाला हिचे कान टोचले, तेव्हाच मणीही बसवला. मणी बसवणाऱ्या बाईनं मला विचारलं, घरचं कोण? तू समोर भाजी चिरत होतीस. माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाहीस." तिनं ओठ चावला. "मी तुला धरलं नाही."

"एवढंच ना? काढून टाकू. सुई लावली की झालं." सरूबाईंनी लगेच पाटणकर बाईंना बोलावणं लावलं. भिंतीवर त्यांचा चेहरा उमटला. सरूबाईंनी पोरीच्या मण्याचं सगळं सांगितलं.

"आराखड्यात आणखी एक प्रकार असतो," त्या म्हणाल्या. "झाकलेला भाग असतो, फक्त दिसत नाही. वगळलेला भाग आराखडा मोजतच नाही. त्याच्यासाठी जागाच राखत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू आधी सगळं ओळखतो, मग मणी झाकतो. तान्ह्या पोराचा मेंदू मण्याबरोबरच घडतो. जे वेचलं नाही, ते ओळखायची जागाच त्याच्यात तयार होत नाही. मणी काढला तरी."

"मग पुढं?"

"मोठी झाल्यावर... आम्हाला माहीत नाही. मण्याबरोबर वाढलेली पोरं अजून मोठी झालीच नाहीत."

भिंत कोरी झाली. मंजुळेनं पोर आईच्या मांडीवर ठेवली. ऊबदार, तेलकट, दुधाचा वास येणारा जीव. मांडी लागताच ती किंचित आखडली, हवेत ठेवल्यासारखी, आणि मुठी उघडून काहीतरी धरायला शोधू लागली. सरूबाईंनी आपलं बोट पुढं केलं. मुठी त्याला वळसा घालून गेल्या.

"बाय माझी, सोनूली, बघ की इकडं. मी आजी. मी तुझी आजी गं!"

पोरीनं मान वळवली. टपोरे डोळे सरूबाईंच्या तोंडावर येऊन थांबले, आणि बोळकं पसरून ती गोड हसली.

"हसली! मंजुळे, हसली गं माझ्याकडे बघून!"

मंजुळेची नजर आईच्या खांद्यावरून मागं गेली. सरूबाईंनी मागं वळून बघितलं. त्यांच्या पाठीशी रेवती उभी होती.